नातू म्हणतो, ‘आजी, हे पाप आहे’

पत्र

सप्रेम नमस्कार. मी नाशिकरोडला जेल रोड भागात राहते, वय अडुसष्ट. मुलगा-सून दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे नातवाचं शाळेतून आल्यापासूनचं सगळं माझ्याकडे. तो सिस्टर लोकांच्या इंग्रजी शाळेत यंदा पाचवीला गेला. चौथीपर्यंत मला काही खटकलं नव्हतं. या वर्षी मात्र तीन गोष्टी झाल्या. जेवायला बसला की कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावतो आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटतो. आमच्याकडे ‘वदनी कवळ घेता’ म्हणतात, ते सुटलं. दुसरं, वर्गातली सहा-सात मुलं आठवड्यातून दोनदा उठून वेगळ्या तासाला जातात. तिथे येशूच्या गोष्टी असतात, छोटी चित्रं मिळतात, म्हणून यालाही तिकडेच जायचंय. तिसरं, परवा भिशीच्या बाईंचा फोन आला. मी म्हटलं, ‘सांग, आजी झोपलीय.’ त्याने सांगितलं, फोन ठेवला आणि मला म्हणतो, ‘आजी, हे पाप आहे. आठवी आज्ञा.’ मला हसावं की रडावं कळेना.

सून स्वतः कॉन्व्हेंटची. ती म्हणते, ‘मला काही झालं का?’ मी काही सोवळ्यातली नाही. मुलाला नोट प्रेसमध्ये नोकरी लागावी म्हणून बाळ येशूला मेणबत्ती लावून आलेली बाई मी. पण नवस वेगळा आणि शाळा वेगळी. या मिशनरी शाळांत पाचवी ते सातवी नेमकं शिकवतात तरी काय? शाळा बदलावी का? शिवाय त्याला माझं वय सांगितलं तर विचारतो, ‘अडुसष्ट म्हणजे सिक्स्टी किती?’

— एक आजी, नाशिकरोड

उत्तर

ताई, नमस्कार. सही तुम्ही ‘एक आजी’ अशी केलीत, पण मीही साठी ओलांडली आहे, तेव्हा ताईच म्हणते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. त्या तीन गोष्टींसाठी शाळा बदलू नका. अडुसष्टचं मात्र मनावर घ्या. तुमच्या पत्रात ते शेवटी ‘शिवाय’ म्हणून आलंय. मला विचाराल तर ते सगळ्यांत वर यायला हवं होतं.

मी ख्रिस्ती नाही. माहेर पंचवटीतलं, काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीतलं. नोकरी मात्र सगळी सिस्टरांच्या शाळेत झाली, सव्वीस वर्षं, पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास. लागले तेव्हा आईने विचारलं होतं, ‘तिथं बाटवणार नाहीत ना गं तुला?’ पहिला पगार तिच्या हातात ठेवल्यावर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. तेव्हा तुमची काळजी मला परकी नाही.

शिकवतात काय, हे कळायचा सोपा मार्ग तुमच्या घरातच आहे. त्याचं दप्तर उघडा. शाळा राज्य मंडळाची असेल तर आत बालभारतीचीच पुस्तकं निघतील, फक्त इंग्रजी माध्यमाची. बालभारती १९६७ साली सुरू झाली, राज्य मंडळाच्या शाळांची पहिली ते आठवीची पुस्तकं तीच काढते. कॉन्व्हेंटचं गणित वेगळं आणि नगरपालिकेच्या शाळेचं वेगळं, असा प्रकार नाही. गेल्या वर्षी चौथीत त्याने परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात वर्षभर शिवाजी महाराजच केले असतील. अफझलखानाची भेट विचारून बघा, इंग्रजीत का होईना, घडाघडा सांगेल. पाचवीला परिसर अभ्यासाचे दोन भाग असतात. सहावीत त्यातून सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल असे विषय सुटे होतात, आणि तिथे बरीच मुलं एकदम गडबडतात. पाचवीला आता वार्षिक परीक्षाही असते. त्यात राहिलं तर पुन्हा परीक्षा, आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. पूर्वीसारखं वर ढकलणं संपलं. येशूपेक्षा अपूर्णांकांची भीती मोठी, असं मी पालकांना नेहमी म्हणायचे. सिस्टर ऐकून हसायच्या.

आता तो वेगळा तास. त्याला कॅटेकिझम म्हणतात, मराठीत धर्मशिक्षण. तो वर्गातल्या कॅथलिक मुलांसाठीच असतो. आपल्या राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. २८वं कलम मात्र कुणी वाचत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण दिलं जात असेल, प्रार्थना होत असेल, तर कुणालाही त्यात भाग घ्यायची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे तुमच्या नातवाला ‘तिकडे जायचंय’ म्हणून तो जाऊ शकत नाही, आणि कुणी त्याला नेऊही शकत नाही. ती सहा-सात मुलं जेव्हा उठून जातात ना, तेव्हा त्यांच्या आणि उरलेल्यांच्या मध्ये दार लोटलं जातं ते कायद्याने.

तिथे शिकवतात काय ते सांगते. मी अनेक वर्षं शेजारच्या खोलीत बसून ऐकलंय आणि जे कळलं नाही ते सिस्टरांना विचारून घेतलंय.

कॅथलिक मुलाचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं, साधारण तिसरी-चौथीत होतं. त्या दिवशी पांढरे कपडे, मेणबत्त्या, नगर जिल्ह्यातून आलेले काका-मामा, मटणाचं जेवण. दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशन, बहुतेक ठिकाणी नववी-दहावीच्या आसपास. या दोन समारंभांच्या मधली वर्षं म्हणजे पाचवी, सहावी, सातवी. या वर्षांत समारंभ नसतो, नुसता अभ्यास असतो. जुन्या करारातल्या गोष्टी इथे येतात. अब्राहम घर सोडून निघतो. योसेफला त्याचेच भाऊ विकतात आणि पुढे दुष्काळात त्याच्याच दारात धान्य मागायला येतात. मोशे लोकांना मिसरातून बाहेर काढतो. मग दहा आज्ञा, मग सात संस्कार, बाप्तिस्म्यापासून आजाऱ्याच्या तैलाभ्यंगापर्यंत. येशूचे दाखले याच वयात नीट कळतात, कारण या वयात पोरांना न्यायाचं फार पडलेलं असतं. दिवसभर राबलेल्या मजुराला आणि संध्याकाळी तासभर आलेल्याला सारखीच मजुरी देणारा मळेवाला सहावीच्या एकाही मुलाला पटत नाही. भिंतीपलीकडून तो वाद मी दरवर्षी ऐकायचे. द्राक्षमळ्यातच घडते ती गोष्ट. दिंडोरी-पिंपळगावकडची पोरं असली की मजुरीचे दरसुद्धा सांगायची.

चर्चचं वर्षही त्यांना पाठ करावं लागतं, आणि ते रंगांवर चालतं. नाताळच्या आधीचे चार रविवार आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस जांभळे, सण पांढरे, हुतात्म्यांचे दिवस लाल, बाकीचं वर्ष हिरवं. धर्मगुरूंचा झगा बघून आज काय आहे ते मुलाला सांगता आलं पाहिजे.

आणि ती चित्रं. ती संतांची कार्डं असतात, मुलं ती वहीच्या पानांत जपतात आणि क्रिकेटवाल्यांच्या कार्डांसारखी बदलाबदली करतात. त्यात एक आपल्याकडचेही सापडतात, वसईचे संत गोन्सालो गार्सिया. ते १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. वर्गात त्या कार्डाला भाव जास्त. तुमच्या नातवाला येशूची ओढ लागलीय असं मला वाटत नाही. त्याला कार्डं हवीत.

हे सगळं इंग्रजीत आणि साहेबी असतं, असा तुमचा समज पत्रातून दिसतो. नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला. नाशिक, नगर, जळगाव, धुळे, नंदुरबार हा त्याचा मुलूख. इथले बहुतेक कॅथलिक घरी मराठी बोलणारे, रविवारी मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणारे. फादर स्टीफन्सनी तर १६१६ सालीच ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत सांगितली, ती अशाच शिकणाऱ्यांसाठी. नातवाच्या बाकावरचा मित्र कदाचित तुमच्या नातवापेक्षा चांगलं मराठी बोलत असेल. एकदा घरी बोलवा, कळेल.

आठवी आज्ञा त्याच मित्राकडून आली असणार. तुम्ही लिहिलेल्या त्या आकड्यावरूनच मला शाळा कॅथलिक आहे याची खात्री पटली. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा कॅथलिकांच्या गणतीत आठवी येते, बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या गणतीत नववी. आज्ञा त्याच दहा, पण मूर्तीविषयीचं कलम प्रॉटेस्टंट वेगळं मोजतात आणि कॅथलिक ते पहिलीतच धरतात. मग दहा भरायला शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. बायबलातही तसंच, कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंटांच्या ६६. आपण सगळ्यांना मिळून ‘मिशनरी’ म्हणतो. नाशिकमध्ये तर ते अगदीच चुकीचं, कारण इथे दोन्ही घरं जुनी आहेत. आपलं शरणपूर वसवलं ते प्रॉटेस्टंट मिशनने, १८५०च्या दशकात. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायची. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या संशोधकाच्या पथकात पोचला आणि १८७४ मध्ये लंडनला त्याच्या शवपेटीला खांदा दिला. शरणपूर रोडवरून रिक्षाने जाताना कुणाला हे आठवत नाही. असो, विषय भरकटला. इतिहासाची बाई आहे मी.

पापाकडे येते, कारण तुम्हाला तेच लागलंय.

कॅथलिक मुलाला कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला, जायच्या आधी स्वतःची झडती घ्यायला शिकवतात. आज्ञा एकेक घ्यायची आणि आठवायचं. चौथी, आईबापांना उलट बोललो का? पाचवी, कुणाला मारलं, छळलं का? सातवी, शेजारच्याचं खोडरबर उचललं का? आठवी, खोटं बोललो का? नातवाने या धड्याचा निम्मा भाग उचलला, कारण उरलेला निम्मा त्याला कुणी सांगितलाच नाही. तो उरलेला भाग असा, की चुकीच्या पायऱ्या असतात. गंभीर पाप व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब मोठी असावी लागते, ती चूक आहे हे पक्कं माहीत असावं लागतं, आणि तरी मनापासून ठरवून केलेली असावी लागते. फोनवर ‘आजी झोपलीय’ या हिशोबात कुठेच बसत नाही. आणि कन्फेशनमध्ये सांगायची ती स्वतःची चूक. दुसऱ्याची, त्यातून आजीची, मोजायची सोय तिथे ठेवलेलीच नाही. हे त्याला सांगा. त्याच्या मित्रालाही त्याच्या सिस्टरांनी हेच सांगितलं असणार.

पण ताई, रागावू नका. खोटं त्याच्या तोंडून तुम्ही वदवलंत. त्याला ते बोलावं लागलं म्हणून तो चिडला, आणि आठवी आज्ञा हाताशी होती म्हणून त्याने ती फेकली. ती नसती तर ‘आजी, तू मला खोटं का बोलायला लावतेस’ असं म्हणाला असता, आणि तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

ती मुलं गेल्यावर वर्गात उरलेल्यांचं काय, हा खरा विचारायचा प्रश्न. कागदावर त्या तासाला मूल्यशिक्षण असतं, व्हॅल्यू एज्युकेशन किंवा मॉरल सायन्स. पुस्तक असतं, चित्रंही असतात. प्रामाणिकपणा, राग आला तर काय करायचं, मैत्री, मोबाइल, चांगला-वाईट स्पर्श, सहावी-सातवीत वयात येताना होणारे बदल, पर्यावरण. आमच्याकडे एका वर्षी सातवीने गोदावरीतल्या पानवेलींवर तक्ते केले होते, चांगले झाले होते. पण खरं सांगू? हा तास शाळेतला अनाथ तास आहे. परीक्षा नाही, गुण नाहीत, त्यामुळे गणिताच्या बाई तो मागून घेतात. मी स्वतः सहा वर्षं त्या तासाला वह्या तपासल्या. मुलांना सांगायचे, डोकी बाकावर ठेवा, आवाज नको. एकदा पाचवीतल्या एका मुलाने डोकं बाकावर तसंच ठेवून विचारलं, ‘बाई, आमचा देव कोणत्या तासाला असतो?’ मी ‘गप्प बस’ म्हटलं. ते अजून आठवतं मला. नंतर वह्या घरी न्यायला लागले आणि त्या तासाला गोष्टी सांगायला लागले, नामदेवाच्या, चक्रधरांच्या, सावित्रीबाईंच्या, पंचतंत्राच्या. कॅटेकिझमवाली मुलं परत आली की दारातच उभी राहायची, ‘बाई, आम्हाला पण सांगा.’

तेव्हा पालक सभेला सुनेला हे विचारायला सांगा: मूल्यशिक्षणाचा तास कोण घेतं, पुस्तक कोणतं, आणि या महिन्यात काय घेतलं? धर्माविषयी काही विचारू नका, एवढंच विचारा. बाई अडखळल्या तर समजा की वह्या तपासल्या जातायत.

जेवणाच्या वेळचं पुटपुटणं म्हणजे ‘ब्लेस अस, ओ लॉर्ड’, जेवणाआधीची प्रार्थना. डबा उघडण्याआधी सगळा वर्ग म्हणतो, म्हणून तोही म्हणतो. इथे मी शाळेची बाजू पूर्ण घेणार नाही. परिपाठाला आणि डब्याला कोणती प्रार्थना, हे शाळेशाळेवर असतं. काही ठिकाणी सर्वधर्मी गाणं असतं, काही ठिकाणी सरळ ‘आमच्या स्वर्गातील बापा’. इतर मुलांनी शांत उभं राहिलं तरी चालेल, हे शाळेने स्वतःहून सांगायला हवं. पुष्कळदा सांगितलं जात नाही. तुमच्या मुलाला-सुनेला नको असेल तर डायरीत दोन ओळी लिहून द्यायच्या, ‘आमचा मुलगा प्रार्थनेच्या वेळी आदराने उभा राहील, क्रुसाची खूण करणार नाही.’ भांडायला जायची गरज नाही. माझ्या नोकरीत अशा चिठ्ठ्या आल्या, सिस्टरांनी वाचल्या, फायलीत लावल्या, संपलं. पण चिठ्ठी आईबापांनी लिहायची. आजीने नाही.

घरात मात्र एक करून बघा. ‘वदनी कवळ’ सुटलं असं तुम्ही लिहिता. ते कुणाचं सुटलं? मुलगा-सून ताटावर बसताना मोबाइल बघत असतील, तर म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. शाळेत चाळीस पोरं एका सुरात म्हणतात, म्हणून ते त्याच्या जिभेवर बसलं. घरी चौघांनी म्हणा, आठवड्यात बसेल. नाही म्हणायचं तर सोडून द्या, पण मग शाळेवर चिडू नका.

बाटवण्याची भीती तुम्ही पत्रात शब्दाने लिहिली नाहीत, तरी ओळींच्या मागे ती आहे. त्यावर एकच तारीख सांगते. २८ ऑक्टोबर १९६५. व्हॅटिकनच्या मोठ्या परिषदेने त्या एकाच दिवशी दोन जाहीरनामे मंजूर केले, एक शिक्षणावर आणि एक इतर धर्मांशी नात्यावर. दुसऱ्यात हिंदू धर्माचं नाव घेऊन लिहिलंय, आणि या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही असं स्पष्ट म्हटलंय. प्रत्येक शाळेतला प्रत्येक माणूस तसं वागतो, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे एक बाई होत्या, दिवाळीच्या सुट्टीआधी फळ्यावर पणती काढली तर पुसून टाकायच्या. त्या ख्रिस्ती होत्या आणि त्यांना ओरडा बसला तो सिस्टरांकडूनच.

आणि तुम्ही तर बाळ येशूला जाऊन आलेल्या. फेब्रुवारीतल्या त्या यात्रेत रांगेत निम्म्या बायका कुंकू लावलेल्या असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ‘नवस वेगळा आणि शाळा वेगळी’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. नातवाला ते पटवून द्यायची वेळ आली तर अवघड जाईल हो तुम्हाला. पाचवीतली पोरं न्यायाच्या बाबतीत कशी असतात ते वर सांगितलंच.

आता अडुसष्ट.

पाचवी ते सातवी या तीन वर्षांत इंग्रजी माध्यमाच्या मुलाचं मराठी एक तर बसतं, नाही तर जन्माचं लंगडतं. शाळेत मराठी असतेच. २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या शाळांना, मंडळ कोणतंही असो, ती सक्तीची आहे. पण आठवड्याचे मोजके तास, त्यात प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची. गणित इंग्रजीत, त्यामुळे मराठी आकडे तोंडात येणार कुठून? एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी इथे तर मराठी माध्यमाची पोरंही घसरतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘साठ आठ’ असं वाचायची सोय केली, तेव्हा किती गदारोळ झाला होता ते आठवत असेल. मी तेव्हा विरोधात होते. आता वाटतं, पोराला आधी ‘साठ आणि आठ’ कळू दे, मग अडुसष्ट आपोआप येईल. शंभर वेळा लिहायला लावून येत नाही, ते मी करून बघितलंय.

हे काम शाळेवर सोडू नका, आणि सुनेवरही सोडू नका. ती कॉन्व्हेंटची, तिलाच कदाचित चौऱ्याऐंशीला थांबावं लागत असेल. हे तुम्हीच करायचं, पण शिकवणी करून नाही. तुम्हाला नोट प्रेसची माहिती घरातच आहे. त्याला जुन्या नोटा दाखवा, नोटेच्या मागच्या बाजूला वेगवेगळ्या भाषांत रक्कम छापलेली असते, त्यातली मराठीची ओळ शोधायला लावा. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजाराला न्या. भाव विचारणं त्याच्याकडे, पैसे देणं तुमच्याकडे. भाजीवाली काही ‘सिक्स्टी एट’ म्हणणार नाही. भिशीचा हिशोब त्याच्याकडून लिहून घ्या, कोणाचे किती आले, कोणाचे राहिले, सगळं मराठी आकड्यांत. दोन महिन्यांत तुमच्या भिशीची सगळी भानगड त्याला तोंडपाठ होईल, एवढी जोखीम आहे.

आणि गोष्टी सांगा. त्याला गोष्टींची भूक आहे, हे तुमच्या पत्रातच दिसतंय. योसेफला भावांनी विकलं हे मित्राकडून ऐकून आला तर विचारा, ‘मग पुढे काय झालं?’ त्याला मराठीतून सांगू दे. नंतर तुमची सांगा.

शाळा बदलायचा विचार कधी करावा, तेही सांगते. चिठ्ठी देऊनही प्रार्थनेची सक्ती झाली तर. मराठी बोललं म्हणून दंड झाला तर, काही शाळांत अजून होतो, आणि त्यावर आईबापांनी जरूर आवाज करावा. सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि रविवारी दुखलं नाही तर. बदलायचीच झाली तर पाचवी संपताना बदला. सहावी-सातवीत विषय वाढल्यावर माध्यम बदलणं मुलाला जड जातं.

राहिला तो फोन. भिशीच्या बाईंचा हप्ता राहिलाय की नुसता कंटाळा आला होता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. काही असो, आज संध्याकाळी तो शाळेतून आला की त्याच्यासमोर त्यांना फोन लावा. स्वतः.